कोण कुठे झोपणार?

आईबाबांनो, परीक्षा संपायच्या आधीच घराघरांत सुट्टीची बोलणी सुरू होतात. अलीकडे त्या बोलण्यांत एका प्रवासी जहाजाचं नाव वरचेवर कानावर येतं: ‘आयकॉन ऑफ द सीज’. कुणाचा भाऊ डॅलसला असतो, कुणाची नणंद न्यू जर्सीला. आजी-आजोबांचा व्हिसा झालेला आहे, मुलांना जहाजावरच्या घसरगुंड्यांचे व्हिडिओ पाठ झाले आहेत, आणि सगळ्यांनी मिळून मायामीहून सात रात्रींची सफर करायची, असं ठरत आलंय. पालकांशी मुलांबद्दल बोलणं हे माझं रोजचंच काम. म्हणून या बेताबद्दलही तुमच्याशी मनातलं बोलावंसं वाटलं. जहाज किती भव्य आहे हे सांगणारे पुष्कळ आहेत. मला बोलायचंय ते तुम्ही तिथे जी केबिन घेणार आहात तिच्याबद्दल.

जहाज मोहात पाडणारं आहे, यात शंकाच नाही. फिनलंडमधल्या तुर्कूच्या गोदीत ते बांधलं गेलं आणि २७ जानेवारी २०२४ रोजी मायामीहून पहिल्या सफरीला निघालं. लांबी ३६५ मीटर, डेक वीस, पोहण्याचे तलाव सात, पाण्याच्या घसरगुंड्या सहा. प्रत्येक केबिनमध्ये दोघंच धरले तर ५,६१० प्रवासी, आणि जादा खाटाही भरल्या तर ७,६००. शिवाय २,३५० कर्मचारी. म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या गावाएवढी माणसं एकाच वेळी पाण्यावर. त्याच धर्तीचं ‘स्टार ऑफ द सीज’ ऑगस्ट २०२५ मध्ये फ्लोरिडातल्याच पोर्ट कॅनाव्हेरलहून सुरू झालं. लहान मुलांच्या कुटुंबांसाठी ‘सर्फसाइड’ नावाचा स्वतंत्र विभागच या जहाजांवर आहे. बाळांचा पाण्याचा खेळ, फिरता पाळणा, मोठ्यांना बसायला जागा, खाणं, सगळं एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात. ज्यांनी हा विभाग आखला, त्यांनी दोन वर्षांच्या मुलाच्या मागे धावणारी आई पाहिलेली असणार.

पण होतं काय, की आपण आधी जहाज ठरवतो, मग तारीख, मग विमानाची तिकिटं, आणि केबिनपर्यंत येईस्तोवर पैसेही संपत आलेले असतात आणि उत्साहही. मग स्क्रीनवर जी सर्वांत स्वस्त दिसेल तिच्यावर बोट ठेवलं जातं, ‘खोलीत नुसतं झोपायला तर जायचंय’ असं म्हणत. मुलं बरोबर असतील तर हे वाक्य मनातून काढून टाका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. चार वर्षांच्या मुलाची अख्खी सुट्टी झोपेवर उभी असते. दुपारची झोप बुडाली की संध्याकाळचं जेवण रडण्यात जातं, रात्री आईबाबा एकमेकांवर चिडतात आणि दुसऱ्या दिवशी बेटावर उतरायची वेळ येते तेव्हा कुणाच्याच अंगात त्राण नसतं. घसरगुंड्या कितीही असोत, हे असंच होतं.

म्हणून बुकिंगला बसण्याआधी एक कागद घ्या आणि त्यावर माणसं लिहा. कोण किती वाजता झोपतं, रात्री कोण उठतं, कुणाला अंधाराची भीती वाटते, कोण घोरतं, कुणाला रात्री दोनदा बाथरूमला जावं लागतं. सासऱ्यांना पहाटे पाचला जाग येत असेल आणि सहा महिन्यांच्या नातीला पहाटे चारला झोप लागत असेल, तर ती दोघं एका खोलीत नकोत. असल्या गोष्टी कुठल्याही माहितीपत्रकात छापलेल्या नसतात. त्या फक्त तुम्हाला ठाऊक असतात, आणि त्यांवरूनच केबिन ठरायला हवी.

आता केबिनचे प्रकार. आतल्या बाजूच्या, खिडकी नसलेल्या केबिनला आपल्याकडे फार नावं ठेवतात. ‘एवढे पैसे भरून समुद्र दिसणार नसेल तर काय उपयोग?’ हे खरंही आहे. पण बाळाला दुपारी झोपवायचं असतं, तेव्हा दिवे मालवल्यावर मिट्ट काळोख देणारी हीच केबिन असते. मात्र अंधाराला घाबरणाऱ्या मुलासाठी छोटा बॅटरीवरचा रात्रदिवा बरोबर न्या, आणि सकाळ झाली हे खोलीत कळतच नाही, म्हणून घड्याळही. खिडकीच्या केबिनला उजेड मिळतो, समुद्र दिसतो आणि उघडणारं काहीच नसतं. तीन-चार वर्षांच्या धडपड्या मुलांच्या आईबाबांना मी तीच सुचवते.

‘आयकॉन’वर काही बाल्कन्या जहाजाच्या आतल्या अंगाला उघडतात, एक तर झाडं लावलेल्या सेंट्रल पार्ककडे, नाहीतर सर्फसाइडकडे. चित्रात सर्फसाइडची बाल्कनी पाहून मुलं टाळ्या पिटतील. पण समोर खेळ चालू आहे, पाणी उडतंय आणि आई म्हणतेय ‘आता डोळे मीट’, हे कुठल्या मुलाला जमणार? मुलं सात-आठ वर्षांपुढची असतील, दुपारी झोपत नसतील, तर खुशाल घ्या. आणखी एक प्रकार आहे, तो मला मनापासून आवडतो. बाल्कनीची जागा खोलीतच सामावून घेतलेली असते आणि बटण दाबलं की समोरच्या काचेचा वरचा भाग खाली सरकतो. त्यातच कुटुंबांसाठीची जी केबिन आहे तिच्यात मुलांसाठी बंक खाटांचा वेगळा कोनाडा आहे, त्यांचा स्वतंत्र टीव्ही आहे, आणि शौचालय एकीकडे, शॉवर दुसरीकडे अशी सोय आहे. मुलं साडेआठला झोपली की आईबाबांना त्याच खोलीत चोरासारखं अंधारात बसून राहावं लागत नाही. एवढ्या एका गोष्टीसाठी थोडे जास्त पैसे गेले तर मी ते वाया गेले असं म्हणणार नाही. तीन मजल्यांच्या, आत घसरगुंडी असलेल्या त्या प्रसिद्ध घराचे व्हिडिओ मुलं दाखवतील. ते तुम्हाला-मला परवडणारं नाही, हे मुलांना सरळ सांगा आणि पुढे चला.

वरच्या बंकवर सहा वर्षांच्या आतल्या मुलाला झोपवू नका. बाळासाठी पाळणा लागणार असेल तर तो बुकिंग करतानाच मागून ठेवा, जहाजावर गेल्यावर नव्हे. पाळणा मांडल्यावर चालायला किती जागा उरेल, हेही विचारा. बहुतेक केबिनमध्ये टब नसतो, शॉवर असतो. बाळाला बादलीत बसवून आंघोळ घालायची सवय असेल, तर घरीच महिनाभर आधी शॉवरची सवय लावलेली बरी.

बाल्कनीबद्दल मला जरा थांबून बोलायचंय, कारण याबाबतीत पालक दोन टोकांना असतात. काहीजण घाबरून बाल्कनीचा विचारच करत नाहीत, तर काहीजण मुलाला खुर्चीवर उभं करून फोटो काढतात. अमेरिकेत २०१० साली झालेल्या कायद्यानुसार तिथल्या बंदरांतून प्रवासी नेणाऱ्या मोठ्या जहाजांचे कठडे किमान ४२ इंच, म्हणजे सुमारे १०७ सेंटिमीटर उंच असावे लागतात. पाच वर्षांच्या मुलाची उंची साधारण तेवढीच असते. म्हणजे जमिनीवर उभं असलेलं मूल कठड्याच्या आत सुरक्षित असतं, पण तेच मूल खुर्चीवर चढलं की कठडा त्याच्या कमरेशी येतो. धोका बाल्कनीत नाही, खुर्चीत आहे. पहिल्या दिवशी केबिनमध्ये गेल्या गेल्या बाल्कनीतल्या खुर्च्या आणि टेबल कठड्यापासून लांब भिंतीशी सरकवा, किंवा केबिन सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याला सांगून काढूनच घ्या. बाल्कनीच्या दाराची कडी वर असते. दार लावलं की कडी घालायचीच, हे मोठ्यांनी एकमेकांना बजावून ठेवा. आजी-आजोबांनाही सांगा, कारण हवा यावी म्हणून दार उघडं ठेवण्याची त्यांना सवय असते.

जून २०२५ मध्ये बहामाहून फ्लोरिडाकडे परतणाऱ्या एका जहाजावरून एक लहान मुलगी समुद्रात पडली. तिच्या वडिलांनी पाठोपाठ उडी घेतली, जहाज वळलं, बचावनौका खाली सोडली गेली आणि दोघंही जिवंत परत आले. ही बातमी वाचून अनेक आईबाबांनी मला विचारलं, की मग जायचंच नाही का? जा की. पण कठड्यावर मुलाला बसवून फोटो नाही, खुर्चीवर उभं राहून समुद्र पाहणं नाही, आणि बाल्कनीत मूल एकटं नाही, पाच मिनिटंसुद्धा नाही. या तीन गोष्टी मुलांना निघायच्या आधी घरीच सांगा. जहाजावर पोचल्यावरच्या गडबडीत सांगितलेलं त्यांच्या कानात शिरत नाही.

आता एक गोष्ट, जी बुकिंगच्या वेळी बऱ्याच कुटुंबांना कोड्यात टाकते. चार खाटांची केबिन रिकामी दिसत असते आणि तरी चौघांचं बुकिंग होत नाही. पालकांना वाटतं, एजंट काहीतरी लपवतोय. कारण वेगळं असतं. जहाजाच्या प्रत्येक भागातल्या प्रवाशांसाठी बचावनौकांमधल्या जागा ठरलेल्या असतात. ५,६१० आणि ७,६०० या दोन आकड्यांमधला जो फरक आहे, तो म्हणजे याच तिसऱ्या-चौथ्या खाटा. एखाद्या भागात मुलांची कुटुंबं जास्त झाली की तिथल्या केबिन रिकाम्या असूनही तिसरा माणूस घेता येत नाही. त्यामुळे शाळांच्या सुट्ट्यांत चौघांच्या केबिन सर्वांत आधी संपतात. तुम्ही चारजण असाल आणि तारीख पक्की असेल, तर ‘नंतर भाव उतरेल’ म्हणून वाट बघत बसू नका. भाव उतरलाच, तर शेवटचा हप्ता भरायच्या आधी नव्या दराने फेरबुकिंग करून मिळतं का, हे एजंटला विचारता येतं. गेलेली चौथी खाट मात्र परत येत नाही. सात रात्रींच्या सफरीचे पूर्ण पैसे साधारण तीन महिने आधी भरावे लागतात. ती तारीख कॅलेंडरवर आजच लिहून ठेवा.

तिसऱ्या-चौथ्या प्रवाशाचं मूळ भाडं बहुधा कमी असतं, पण बंदराचे कर आणि फी माणशी तेवढीच. कर्मचाऱ्यांची बक्षिसीही दर दिवशी माणशी लागते, अंगावर पिणाऱ्या बाळाचीसुद्धा. ती दिवसाला अठरा डॉलरच्या आसपास जाते. पाचजणांचे सात दिवस धरले की आकडा सहाशे डॉलरच्या पुढे जातो, आणि तो जाहिरातीतल्या भाड्यात नसतो. तुमच्या खोल्या आवरणारी, मुलांच्या ताटात सांडलेलं पुसणारी माणसं त्यावर अवलंबून असतात. ती काढून टाकण्याचा विचार करू नका, हिशेबात पहिल्यापासून धरा.

पाच-सहाजण असाल तर एका मोठ्या केबिनऐवजी दोन लहान केबिन कधीकधी स्वस्त पडतात, आणि दोन बाथरूम मिळतात हा फायदा तर मोठाच. पण तिथे नीट पाहा. शेजारी-शेजारी असलेल्या केबिन वेगळ्या आणि मधल्या दाराने जोडलेल्या वेगळ्या. शेजारच्या केबिनमध्ये जायला बाहेरच्या लांबलचक बोळात यावं लागतं. लहान मुलं असतील तर मधलं दार असलेल्याच घ्या, आणि तसं बुकिंगच्या कागदावर लिहून मागा. ‘कुठलीही केबिन द्या, स्वस्तात द्या’ अशी जी योजना असते तिच्यात केबिन जहाजकंपनी निवडते. मग आईबाबा सातव्या डेकवर आणि आजी-आजोबा बाराव्यावर, असं होऊ शकतं. नवराबायको दोघंच जात असाल तर ती योजना चांगली आहे, पण मुलं बरोबर असतील तर नको. अमेरिकेतून सुटणाऱ्या सफरींवर केबिनमध्ये किमान एक माणूस एकवीस वर्षांचा लागतो. आईवडील शेजारच्या केबिनमध्ये असतील तर यातून सूट मिळते, म्हणून कॉलेजात जाणाऱ्या मुलीला धाकट्या भावंडांबरोबर ठेवायचं असेल, तर दोन्ही बुकिंग एकमेकांना जोडून घ्या.

केबिन जहाजात कुठे आहे, यावरही रात्रीची झोप अवलंबून असते. डेकचा नकाशा उघडा आणि तुमच्या केबिनच्या वर आणि खाली काय आहे ते पाहा. वर तलावाचा डेक असेल तर पहाटे खुर्च्या ओढल्याचे आवाज येतात, खाली नाट्यगृह किंवा नाचगाण्याची जागा असेल तर मध्यरात्रीपर्यंत धडधड. वर केबिन आणि खालीही केबिन, ही सर्वांत शांत जागा. घरात कुणाला बोट लागत असेल तर जहाजाच्या मध्यावरची आणि खालच्या डेकवरची केबिन घ्या, तिथे हेलकावे कमी जाणवतात. इतक्या मोठ्या जहाजावर डुलणं एरवी फारसं कळतही नाही, पण वाऱ्याच्या दिवशी कळतं. आलेपाक आणि आवळा सुपारी पिशवीत असू द्या. ॲव्होमिनची गोळी मात्र मुलांना आपल्या मनाने देऊ नका. दोन वर्षांखालच्या बाळाला तर ती मुळीच द्यायची नसते. निघण्याआधी मुलांच्या डॉक्टरांना विचारून, वजनाप्रमाणे काय द्यायचं ते लिहून घ्या. जहाजावर दवाखाना असतो, पण त्याचं बिल अमेरिकेतल्यासारखं येतं, म्हणून समुद्रावरून हलवण्याचा खर्च धरणारा प्रवास विमा सगळ्यांचा हवा, आजी-आजोबांचा तर नक्कीच.

सहा महिन्यांखालच्या बाळाला या सफरीवर घेत नाहीत. आई गरोदर असेल आणि सफरीत कुठल्याही दिवशी चोविसावा आठवडा लागत असेल, तर तिलाही घेत नाहीत. दोन्ही नियम कडक आहेत आणि बंदरावर रडून उपयोग होत नाही. पुढच्या वर्षीचं बुकिंग आज करताना हा हिशेब मनात असू द्या. तीन वर्षांपासूनच्या मुलांसाठी जहाजावर मुलांचं केंद्र आहे. रात्री दहापर्यंत ते मोफत असतं, पण मुलाला स्वतःहून शौचाला जाता आलं पाहिजे. अडीच-तीन वर्षांच्या मुलाला त्यासाठी घाईने शिकवायला बसू नका. नसेल जमत तर लहानग्यांच्या पाळणाघरात पैसे भरून तास मिळतात. डायपरमधल्या बाळांना मोठ्या तलावात उतरू देत नाहीत, त्यांची पाण्याची जागा वेगळी असते. तलावांवर जीवरक्षक असतात, लाइफ जॅकेटं फुकट मिळतात, पण हाताच्या अंतरावर आई किंवा बाबा लागतातच. ‘तू बघतोयस ना?’ आणि ‘मला वाटलं तू बघतेयस’ या दोन वाक्यांच्या मधे मुलं पाण्यात जातात. आळीपाळीने अर्ध्या अर्ध्या तासाची जबाबदारी ठरवून घ्या, तोंडी आणि स्पष्ट.

पहिल्या दिवशी आपत्कालीन सरावाला सगळ्यांनी जायचं. १३ जानेवारी २०१२ च्या रात्री इटलीतल्या जिलियो बेटाजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ हे जहाज खडकावर आपटून कलंडलं आणि ३२ माणसं दगावली. त्या दिवशी चढलेल्या पुष्कळ प्रवाशांचा सराव झालेलाच नव्हता. आता नियमच बदलला आहे: जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी सराव व्हावा लागतो. हल्ली फोनवर किंवा केबिनमधल्या टीव्हीवर व्हिडिओ बघायचा आणि आपल्या ठरलेल्या जागी जाऊन हजेरी द्यायची असते. मुलांच्या मनगटावर त्या जागेची खूण असलेला पट्टा बांधतात. व्हिडिओ मुलांना मांडीवर घेऊन दाखवा, आणि मग केबिनपासून त्या जागेपर्यंत त्यांना पुढे चालायला लावा, तुम्ही मागून जा. वाट त्यांच्या पायांना माहीत झाली पाहिजे.

खाण्याची चिंता आयांना सर्वांत आधी वाटते. वरण-भात मिळेल का? मुख्य भोजनगृहात भारतीय शाकाहारी जेवण मागितलं की मिळतं. जैन जेवण हवं असेल तर बुकिंगबरोबरच कळवा, आणि पहिल्या रात्री मुख्य वाढप्याशी बोला. ती माणसं दुसऱ्या दिवशीचं आधीच विचारतात. पण विजेची किटली, इस्त्री, एक्स्टेन्शन बोर्ड केबिनमध्ये न्यायला बंदी आहे, मग छोटा राइस कुकर तर दूरच. सामान तपासताना ते काढून ठेवतात. बाळाची पेज घरच्यासारखी केबिनमध्ये करता येणार नाही हे गृहीत धरा. सीलबंद बाळखाद्य न्या, गरम पाणी मागवा. मेतकूट, सीलबंद खाखरे चालतात. फळं आणि शिजवलेलं अन्न बेटावर उतरवता येत नाही. आणि जेवणाआधी हात साबणाने धुवा. जहाजावर पसरणारा उलट्या-जुलाबांचा जो विषाणू असतो, तो नुसत्या सॅनिटायझरने नीट मरत नाही.

कागदपत्रांबद्दल. तिकिटावर मुलाचं नाव पासपोर्टवर आहे तसंच, वडिलांच्या नावासकट, अक्षरन्‌अक्षर जुळलं पाहिजे. मावशी किंवा काका मुलाला घेऊन जाणार असतील आणि आईवडील बरोबर नसतील, तर आईवडिलांचं नोटरी केलेलं संमतिपत्र लागतं. आजी-आजोबा भारतीय पासपोर्टवर असतील तर जहाज अमेरिका सोडून पुन्हा अमेरिकेत येतं हे विसरू नका. त्यांचा व्हिसा एकापेक्षा जास्त वेळा प्रवेश देणारा आणि परतीच्या दिवशी वैध असलेला हवा. बहामा, मेक्सिको, होंडुरास, जी बंदरं मार्गात असतील त्यांचे भारतीय पासपोर्टचे नियमही बघा. आणि तुम्ही स्वतः अमेरिकेत एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असाल, पासपोर्टवरच्या व्हिसाच्या शिक्क्याची मुदत संपली असेल आणि हातात फक्त मुदतवाढीच्या मंजुरीचा कागद असेल, तर नोकरीच्या कंपनीच्या वकिलाला विचारल्याशिवाय डिपॉझिट भरू नका. बेटावर आनंदात उतरायचं आणि परत येताना नोकरीच्या देशात प्रवेश अडायचा, हा धोका मुलांना बरोबर घेऊन पत्करण्यासारखा नाही.

तारखांचं एक दुखणं आहे. इथल्या मुलांना एप्रिलच्या शेवटापासून सुट्टी. तिथल्या चुलत-मामे भावंडांच्या शाळा मेच्या अखेरीपर्यंत, कुठे कुठे जूनच्या मध्यापर्यंत चालू. मेच्या सुरुवातीला केबिन स्वस्त, गर्दी कमी, आणि १ जूनला सुरू होणारा वादळांचा मोसमही लांब. पण भावंडं शाळेत! भावंडांसोबत जायचं तर जून, आणि जूनमध्ये सगळी अमेरिका सुट्टीवर. मला विचाराल तर मी भावंडांची बाजू घेईन. मुलं वर्षातून एकदा भेटतात, कधी दोन वर्षांतून एकदा. त्यासाठी साध्या केबिनवर भागवा, हवं तर जुन्या, लहान जहाजावर जा. त्याच जहाजकंपनीची दहा-पंधरा वर्षांची जहाजं त्याच बेटांना जातात आणि भाडं बरंच कमी असतं. कर्ज काढून नव्या जहाजावर जाऊ नका. शाळेतल्या मित्राने पाहिलं म्हणून आपणही, एवढंच कारण असेल तर मुलाशी त्यावर बोला, बुकिंगवर नंतर.

तेरा-चौदा वर्षांच्या मुलामुलींना त्यांची मोकळीक हवी असते आणि जहाजावर ती बऱ्यापैकी सुरक्षितपणे देता येते. जेवणाला एकत्र यायचं, रात्री ठरलेल्या वेळी केबिनमध्ये, कुणाच्याही केबिनमध्ये जायचं नाही आणि कुणाला आपल्या केबिनमध्ये आणायचं नाही. एवढं ठरलं की बाकी सोडा. फोनचं नेटवर्क समुद्रावर चालेलच असं नाही, म्हणून भेटायची एक जागा आणि वेळ ठरवून ठेवा.

शेवटी आजी-आजोबा. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच घरांत गृहीत धरलेलं असतं, की मुलं आजीच्या खोलीत झोपतील आणि आईबाबांना जरा मोकळीक मिळेल. आजी ‘हो’ म्हणते, कारण तिने आजवर कशालाच ‘नाही’ म्हटलेलं नसतं. पण तिने पासष्टाव्या वर्षी पहिल्यांदा समुद्रावर जायचं आणि रात्री नातवाच्या डायपरसाठी उठायचं, हे न्याय्य नाही. त्यांना त्यांची स्वतंत्र केबिन द्या, लिफ्टच्या जवळ पण अगदी लिफ्टसमोर नव्हे, आणि बाल्कनी एकाच केबिनला परवडत असेल तर ती त्यांना द्या. दिवसभर केबिनमध्ये बसणारे तेच असतात, समुद्र त्यांना दिसायला हवा. जहाज ३६५ मीटरचं आहे. भोजनगृह एका टोकाला आणि केबिन दुसऱ्या टोकाला असेल, तर गुडघे दुखणाऱ्या माणसाचा दिवस चालण्यातच जातो. चाकाची खुर्ची लागत असेल तर रुंद दाराच्या, उंबरा नसलेल्या केबिन वेगळ्या मिळतात. त्या थोड्याच असतात, लवकर मागा.

आणि त्यांना खरंच यायचंय का, हे विचारा. दोघांना वेगवेगळं विचारा, मुलांसमोर नको. आजोबांना पाण्याची भीती असू शकते, जी त्यांनी कधी बोलून दाखवलेली नसते. आजीला सात दिवस परक्या चवीचं जेवण नको असेल. त्यांनी ‘आम्ही डॅलसलाच थांबतो, तुम्ही जाऊन या’ असं म्हटलं, तर दोन दिवसांनी पुन्हा एकदा विचारा, आणि तरीही उत्तर तेच आलं तर ते मनापासून मान्य करा. मात्र मग त्या सात दिवसांची सोय डिपॉझिट भरण्याआधी लावा. शेजारचं कुठलं मराठी कुटुंब रोज एकदा डोकावून जाईल, औषधं संपली तर कोण आणून देईल, रात्री काही झालं तर ९११ ला फोन कसा करायचा आणि घराचा पत्ता इंग्रजीत कसा सांगायचा, हे त्यांच्याकडून एकदा प्रत्यक्ष करवून घ्या. गाडी चालवता न येणाऱ्या माणसाला अमेरिकेतल्या उपनगरात दुधाचं दुकानसुद्धा लांब असतं.